रोपवाटिकेत, एप्रिलअखेर

आधी सांगा, घर चढावर की खोलगटात?
थंडी पाण्यासारखी असते, ओडेल.
उतारानं खाली येते, रात्रभर साचत राहते,
आधी गुडघाभर, पहाटेला गळ्याइतकी.

माझा भाऊ आर्वो सरोवराकाठी राहायचा.
त्यानं सौनाच्या दक्षिण भिंतीला लागून पीच लावलं,
म्हणाला, ऊब मिळेल बिचाऱ्याला.
मिळाली.
फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं, भिंत तापली,
झाडाला वाटलं, सरला हिवाळा.
पाचव्या रात्री उणे सत्तावीस.
खोड उभं चिरलं. आवाज घरात आला,
आर्वो अंथरुणातून उठला, कुणी बंदूक झाडली म्हणून.

इथली निम्मी झाडं उबेनं मरतात.

म्हणून उत्तरेचा उतार बघा. बर्फ रेंगाळू दे तिथं,
मुळांना कळायला नको बाहेर काय चाललंय ते.
खोडाला पांढरा रंग द्या, भिंतीचाच, पाणी घालून.
बुंध्याला जाळी. बर्फाखालून उंदीर येतात,
साल कुरतडतात गोल, बांगडी काढल्यासारखी.

आता जात.
ही रिलायन्स. लाकूड चिवट, फळ लहान,
लव इतकी की ओठ खाजतात.
चव? खरं सांगू? बरी आहे.
ही कंटेंडर, चवीला उजवी, फुलतेही उशिरा,
पण तुमच्याकडे वारा कसा आहे मला माहीत नाही.
रेडहेवन मागू नका. लोक चित्र बघून मागतात,
मी विकते, आणि मग जानेवारीत मलाच झोप लागत नाही.

थांबा, ब्लेड इथंच होतं.
ही फांदी माझ्या शेडमागच्या झाडाची, सकाळीच तोडली.
कळी अशी आडवी कापायची. बघा,
मधे टिंब दिसतंय? तपकिरी. गेली.
ही पण गेली.
ही पण.
ही हिरवी! चष्मा लावा, हिरवी आहे.
शंभरात पंधरा जगल्या तरी झाड लगडतं.
नाहीतरी विरळणी आपल्याला करावीच लागते,
थंडी ती फुकटात करून देते, एवढंच.

दहा वर्षांत चारदा फळं. नशीब असेल तर पाचदा.
बाराव्या-पंधराव्या वर्षी झाड आटोपतं.
मी अठ्ठ्याहत्तरची. हिशेब तुम्ही करा,
मी करायचा सोडलाय.

हे काय, औषधाच्या बाटलीत?
आईच्या अंगणातली बी. जॉर्जियाची.
आणि जातीचं नाव?
ती नुसतं ‘मागचं झाड’ म्हणायची. असं.

ओडेल, तिकडचं झाड कच्च्या झोपेचं असतं.
कडी वाजली की उठून बसतं.
इथं असं हवं, की हाक मारली
तर ‘हूं’ म्हणून कूस बदलेल.
शिवाय बी आईच्या वळणावर जाईलच असं नाही.
तुम्ही कुठं गेलात, एवढ्या उत्तरेला आलात ते.

द्या इकडे.
हं. जड आहे. आत जीव असावा.

ओल्या वाळूत घाला, फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, तीन महिने.
मग कुंडीत. हिवाळ्यात कुंडी गॅरेजमध्ये, गाडीशेजारी.
हीटर लावावासा वाटेल. लावू नका.

रिलायन्सचे अडतीस डॉलर, ती उतारावर लावा.
कुंडीचे काही नकोत, तिला चीर आहे.
आणि तीन-चार वर्षांनी ते ‘मागचं झाड’
फुलेल एखाद्या मार्चमध्ये, अंधारात,
दाराबाहेर कमरेएवढा बर्फ, मधमाशी एक नाही.
तेव्हा या. लहान मुलांचा रंगाचा ब्रश आणा, मऊ,
फुलावरून फुलावर कसा फिरवायचा
ते सांगून कळत नाही, दाखवावं लागतं.