डाव्या हाताची फळी

मी पुलाच्या तोंडाशी अक्रोड विकते,
म्हणून मला वाझाची टपरी दिवसभर दिसते.
किल्ल्या, कुलपं, छत्र्यांच्या काड्या;
आत दोन गिऱ्हाइकं शिरली
की तिसऱ्यानं श्वास बाहेर ठेवायचा.
कुताइसीत जागा अशीच मिळते, नशिबासारखी, अंगाला घट्ट.

मार्चमध्ये त्यानं टपरीच्या डाव्या हाताला एक फळी ठोकली.
वीतभर रुंद, दीड हात लांब, काळी.
पहिल्यांदा तिरकी बसली.
दुसऱ्यांदा लाकूड चिरलं.
तिसऱ्यांदा नीट बसली, पण दार उघडेना,
आणि वाझा आतच अडकला तासभर,
किल्ल्या करणारा!
मी हसले. आता कबूल करते.

नाझीब्रोला, त्याची बायको, म्हणाली,
भाव लिहायचेत तर समोर लाव, बाजूला कोण बघतं?
तो म्हणाला, भाव नाहीत.
मी ज्यांचं ऐकतो, त्यांची नावं लिहायचीत.

आणि खडूनं लिहिलं, नाव, मग त्यांचं ताजं बोलणं:

बिद्झिना, ओनी, मधमाश्या : प्लमला मोहोर आलाय, पण माश्या रुसल्यात.
त्सियाला, नदीची पट्टी वाचते : रात्रीत चार बोटं चढली.
रेझो, भट्टी : आजचा पाव जरा करपला, माफी असावी.
जुंबेर, कबुतरं : एकतीस गेली, तीस आली.

रोज सकाळी पुसायचा, रोज नवं लिहायचा.
कुणाचा फोन येई, कुणाची चिठ्ठी ओनीच्या गाडीचा ड्रायव्हर
काचेतून टाके, गाडी न थांबवता.

मी विचारलं, यात तुला काय मिळतं?
तो खडू झाडत म्हणाला,
तू शेजारणीला मात्सोनीचं विरजण देतेस,
तुझ्या भांड्यात काही कमी होतं?
माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक अक्रोड दिला त्याला.

हळूहळू लोक किल्लीशिवाय थांबू लागले.
एक म्हातारा रोज त्सियालाचा आकडा
तळहातावर लिहून न्यायचा, का ते कुणाला ठाऊक.
रेझोच्या पावाला कधी नव्हे ती रांग लागली,
करपलेला होता त्या दिवशी सर्वांत मोठी.

एप्रिल गेला. मे निम्मा गेला.
बिद्झिना बदलला, नदी बदलली,
जुंबेरची ओळ मात्र तीच.
एकतीस गेली, तीस आली.
पावसानं धुतली की वाझा पुन्हा तीच लिहायचा,
तेच शब्द, तोच स्वल्पविराम, जरा दाबून.

मी म्हटलं, जुनं झालंय, काढून टाक.
एवढ्याशा फळीवर बंद पडलेल्या माणसाला कशाला जागा?
तो म्हणाला, बोलेल तेव्हा बदलेन.
मग बराच वेळ एकच किल्ली घासत बसला,
घासून घासून ती कुठल्याच कुलपाची राहिली नाही.
तेव्हा मला कळलं की जुंबेर इस्पितळात आहे,
आणि फोन उचलत नाही.

एका सोमवारी खाली एक वेगळं अक्षर,
बुटकं, उजवीकडे पडणारं, निळ्या खडूचं:
एक आमच्या गच्चीवर आहे. पाय दुखावलाय.
कुणाचं आहे?
खाली नाव होतं, एका. वय नऊ.

वाझानं ते तीनदा वाचलं.
कुलूप न लावताच निघाला,
आयुष्यभर दुसऱ्यांना कुलपं देणारा माणूस,
आणि टेकडीच्या बाजूला, इस्पितळाकडे चालू लागला.
दिवसभर टपरी मीच राखली.
दोघांना किल्ल्या हव्या होत्या. उद्या या, म्हटलं.

तिथे काय झालं, त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही, अक्रोड निवडत राहिले.

मंगळवारी चौथी ओळ होती तशीच होती.
तिच्याखाली, वाझाच्या अक्षरात, पाचवी:

एका, गच्ची : खातंय. मका नको म्हणतं.