नऊ नंबर

कॉलेजच्या लोखंडी कपाटात बुटांचे अकरा जोड होते
आणि आम्ही पंधरा जण.
त्यामुळे आमच्या संघात माणूस बदलायचा म्हणजे
आधी बूट बदलायचे.
आत जाणारा रेषेवर अनवाणी उभा,
बाहेर आलेला गवतात बसून ओल्या नाड्यांशी झटतोय,
रेफ्री घड्याळ बघतोय.
सांगलीची पोरं हसायची. कोल्हापूरची तर
आम्ही पॅसेंजरमधून उतरल्यापासूनच.

माझा पाय नऊ नंबरचा.
नऊ नंबरचा जोड एकच, तो इर्शाद मुजावरच्या पायात.
पाठीवरही त्याच्या नऊच.
म्हणजे माझा सबंध सीझन
इर्शादच्या दमण्यावर टांगलेला,
आणि पहाटे चारला मिरज मार्केटात
टोमॅटोचे क्रेट उतरवून मग सरावाला येणारा इर्शाद
दमायचा नाही.

मैदान रेल्वेलाइनीला लागून, उत्तरेला उतरतं.
टॉस जिंकला की तौफिक दुसऱ्या हाफला उतार मागायचा,
"दमल्यावर जमीनच पळवती की रे."
गोलचं जाळं कृष्णाकाठच्या भोयांकडून आणलेलं.
चेंडू आत गेला की ते हलायचं
आणि मासळीचा वास सुटायचा.
मागं वळून बघायला लागत नाही, डॅनियल म्हणायचा,
वास आला म्हणजे गोल झाला.
नोव्हेंबरात त्याला सात वेळा वास आला.

डिसेंबरात कसंतरी जमायला लागलं.
विट्याला बरोबरी. तासगावला
इर्शादच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला, एक-शून्य,
आणि परतीच्या एसटीत आवटी सरांनी
स्वतःच्या खिशातून केळी घेतली,
चहा सांगताना पंधराचे आठ कप करणाऱ्या सरांनी.
बाहुबली मगदूम दिवस मावळल्यावर खात नाही;
त्याचं केळं त्याच्या मांडीवर बसून मिरजेपर्यंत आलं.
शेवटी ते कुणी खाल्लं
याचा निकाल अजून लागलेला नाही.

शेवटचा सामना कोल्हापूरला.
तीन-शून्य मागे, अकरा मिनिटं शिल्लक,
आणि इर्शादच्या अंगठ्याचं नख उचकटलं.
सर म्हणाले, "काढ."
बूट हातात आले तेव्हा गरम होते,
आतून ओले, उजव्याच्या टोकाला रक्त.
मी पाय घातला.
दुसऱ्याच्या घामात आपला पाय इतका नेमका बसतो
हे मला माहीत नव्हतं.

चेंडू मला चार वेळा लागला, त्यातला एकदा हाताला.
रेषेवरून इर्शाद ओरडत होता,
"डावीकडं, लेका, डावीकडं!"
मी डावीकडं गेलो.
चेंडू उजवीकडं गेला.
चार-शून्य.

मार्चमध्ये क्लार्कने कपाट उघडून जोड मोजले: दहा.
डिपॉझिटातून प्रत्येकी चाळीस रुपये कापले.
तौफिक शिव्या देत होता, कुणाला ते न ठरवता.
शेवटी बूट घातले होते मी,
म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते.
मी ते परत दिले होते. ज्याचे होते त्याच्या हातात.
हे मी बोललो नाही.

एप्रिलात तो स्टेशनवर दिसला,
पार्सलची हातगाडी ओढताना.
परीक्षेचा फॉर्म त्यानं भरलाच नव्हता.
पायात तेच. खालचे स्टड
ब्लेडनं कापून सपाट केलेले,
नाहीतर फरशीवर घसरतात.
तो माझ्या पायांकडे बघत राहिला, मी त्याच्या.
"चहा घेतोस काय?"
पैसे त्यानंच दिले.
चाळीसातले दहा फिटले, मी मनात मोजलं,
आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत
मोजल्याची लाज वाटत राहिली.

मग हुबळीची गाडी लागली
आणि तो पळाला गाडी लोटत,
बोचकी, पोरं, उतरणारी माणसं चुकवत,
मालडब्याच्या दिशेनं, डावीकडं,
पायांचा अजिबात आवाज न करता.