एल, आय

काळ्या पडद्यावर दोनच अक्षरं आली: एल, आय.
मग काही नाही.
आपलंच नाव सांगता सांगता
यंत्र मधेच थांबलं.
चार अक्षरं यायला हवी होती.

तिबिलिसी, शहाण्णवचा जानेवारी.
वेरा टेकडीवरची जलमापन कचेरी, तिसरा मजला.
वीज रात्री दोनला येते, येते तेव्हा;
चारपर्यंत टिकली तर नशीब.
खालच्या लामाराबाईंनी मेट्रोच्या तारेवरून
एक चोरटी तार ओढून घेतली आहे,
तिच्यावर आमचा एक दिवा आणि हे एक यंत्र.
हीटर लावायचा नाही, असा करार.

दोष माझाच. काल
बिस्किटांच्या डब्यातून एकतीस फ्लॉप्या आल्या,
बुडापेस्टहून, प्रत्येकीवर गिवीच्या हातचा आकडा.
सत्तावीस नंबरची चौथ्या खेपेला वाचली गेली.
नवं कर्नल बसलं. मग नवी लायब्ररी बसवायची,
म्हणून जुनीचा दुवा काढला.
आधी काढला.
बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातली
आणि मनात म्हणत होते, आता नवी फांदी लावू.

त्यानंतर एक आज्ञा ऐकेल तर शपथ.
यादी दाखव: सापडत नाही.
नक्कल कर: सापडत नाही.
बंद हो: तेही सापडत नाही.
फाइली तिथंच होत्या, एकही हलली नव्हती.

मग आठवलं, इको अजून जिवंत असणार.
तो बाहेरून येत नाही, शेलच्या पोटातच राहतो.
इको, थोडी जागा, एक तारा.
आणि एका ओळीत, दाटीवाटीनं, सगळी नावं आली:
बिन, बूट, डेव्ह, होम, लिब.
मी ती मोठ्यानं वाचली.

नुगझार स्टोव्हवर हात शेकत होते.
"हजेरी घेतेस का, गोगो?"
"हो."
"आहेत सगळे?"
"आहेत. पण कामाला कुणीच उठत नाही."
"म्हणजे आपल्या खात्यासारखंच की.
पगार कधीपासून थकलाय त्यांचा?"

तेवढ्यात वीज गेली.

आज फ्लॉपीवरून चढले.
डिस्कची तपासणी सुरू झाली, आणि प्रश्न:
दुरुस्त करू? हो.
दुरुस्त करू? हो.
शंभरेक हो म्हटल्यावर
काय दुरुस्त होतंय, हे बघणंच सोडलं.
हरवले-सापडले नावाच्या कप्प्यात
बिननावाचे तुकडे येऊन पडले, नुसते क्रमांक.
एकात पाण्याच्या पातळ्या होत्या,
ठाण्याचं नाव नाही, साल नाही,
वरच्या ओळी तुटलेल्या.

नुगझारनी चष्मा कपाळावर ढकलला,
पडद्याला नाक लावून वाचू लागले:
एकशे चाळीस, एकशे पंचेचाळीस, तीनशे दहा.
"हे मिनाडझे," म्हणाले. "एप्रिल.
या तीनशे दहाला कंदील झाउरीच्या हातात होता
आणि पट्टी माझ्या.
पाणी बुटात शिरलं तेव्हा
तो म्हणाला, आकडा आधी लिही."

मी त्या तुकड्याला नाव दिलं.
उरलेल्या अकरांना अजून दिलेलं नाही.

लायब्ररी जागेवर ठेवली, दुवा बांधला.
कर्नल नव्या घरी गेलं होतं
आणि निरोप्याकडे पत्ता जुनाच होता;
त्याला नवा लिहून दिला.
तीन चाळीसला बटण दाबलं.
एल. आय.
स्टोव्ह फुरफुरला.
एल. ओ.

नुगझारनी नदीची वही उघडली,
बोटांवर फुंकर मारून पेन्सिलीनं लिहिलं:
मत्क्वारी, एकशे बारा सेंटीमीटर, काठाला बर्फ.
यंत्र पूर्ण नाव बोललं.
आणि खाली रेघ ओढून, त्या दोन तासांत
पडद्यावर जे जे परत आलं होतं
ते हातानं उतरवायला बसले.

"आता कशाला?" मी म्हटलं. "चालतंय ना."
"चालतंय," ते म्हणाले, "तोवर सांग.
पुढचा आकडा काय?"