पाइपातला दगड

दुपारी अडीचला लाईट गेली,
ब्लोअरचा घसा बसला,
आणि तोंडारच्या तांबड्या माळावर इतकं शांत झालं
की शेडमधल्या एकशेचाळीस डुकरांचं
खाणं ऐकू यायला लागलं.

मी वहीत लिहिलं : हवा बंद, २.३५.

टाकीतले जीव डोळ्यांना दिसत नाहीत,
पण त्यांची भूक दिसते.
हवा असली की ते अमोनिया खातात,
तोच तो, पहाटे शेडचं दार उघडताच डोळ्यांत जाणारा,
आणि त्याचं नायट्रेट करून ठेवतात.
मग पलीकडच्या बिनहवेच्या टाकीत दुसरे जीव
त्यातला श्वास तेवढा काढून घेतात.
उरलेला नायट्रोजन बुडबुडा होतो
आणि जातो,
चहा न घेता उठलेल्या पाहुण्यासारखा.

फॉस्फरसला ती वाट नाही.
त्याला आभाळच नाही.
हवेत जीव त्याला गिळून गच्च बसतात,
हवा तुटली की सगळा ओकून टाकतात.
काल लिटरला आठ होता,
आज पाच वाजता एकतीस.
महिनाभराचं काम अडीच तासांत परत पाण्यात.

लाईट आली तेव्हा पंप नुसता घुरघुरला.
दुर्गाप्पा मामानं पान्यानं एल्बो खोलला.
चार इंची पाइप,
आत करंगळी जाईल एवढंच भोक,
बाकी सगळं पांढरं, खडीसाखरेसारखं, टणक.

"राय," मामा म्हणाला.

आमच्या घरात दगडाला राय म्हणतात.
आज्जानं बत्तीस वर्षं खाणीत राय फोडली,
उदगीरच्या कितीतरी रस्त्यांखाली ती आहे,
थोडी त्याच्या छातीतही होती.
तेव्हाच आईनं ठरवलं, पोरांच्या हाती सुतकी नको,
आणि बिदरच्या बाजारातून दोन माद्या आणल्या.

आता हा दगड कुणी आणला?
कुणीच नाही.
डुकरांचं मूत, बोअरचं मॅग्नेशियम,
आणि उडता न येणारा तो.
वळणावर पाणी जरा थबकतं,
तिथं तिघं भेटले, बसले, उठलेच नाहीत.

आई आली, वाकून पाहिलं.
"आता गं बया, हितं बी आलास का?"
कुणाला म्हणाली कळलं नाही.
आत जाऊन पत्र्याच्या पेटीतली
आज्जाची सुतकी घेऊन आली.
दांडा वाळव्यानं खाल्लेला, तोंड शाबूत.
तिनं मामाला ती दिली नाही.
पाइपला कान लावला, एकदा इकडून, एकदा तिकडून,
तिसऱ्या ठोक्याला आतलं सगळं
पाइपाच्याच आकारात, वाकलेल्या कोपरासारखं
तिच्या पदरात आलं.

मी सांगितलं, हे खत आहे, हळूहळू विरघळतं.
"म्हंजे दगूड पेरायचा," आई म्हणाली,
आणि हसू आवरत मूठभर पपईच्या बुडाशी टाकून आली.

वहीत दगडाला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिलं : राय, अडीच किलो.
खाली : ब्लोअर चालू, ६.१०.