तिसऱ्या टाकीचा हिशेब

गावरान मागुराचं जिरं.
पहिल्या टाकीत एक वाटी,
दुसरीत दोन,
तिसरीत उरलेलं सगळं.
टाक्या तीनच,
आणि फेकायचं कसं?

मामा तलावाच्या पाळीखाली
रेवंता मारबते रोज पहाटे
बॅटरीच्या उजेडात गाळणी फिरवते.
पहिल्या टाकीत मेलेले सापडतात:
सात, चार, एकदा अकरा.
वहीत लिहिते.
तिसरीत एकही नाही.
"दाटीत बरे जगून राह्यले, वयनी,"
दीर म्हणाला.
तिनंही दोन दिवस तसंच मानलं.

मग बलक सोडताना दिसलं,
त्या वळवळत्या काळ्या धाग्यांत
एक जाड.
भावंडाची शेपटी
अजून त्याच्या तोंडाबाहेर, हलत.

टाकी उपसली.
दोन हजारांतले सहाशे चाळीस.
मढं एकही नाही.

जाड तेवढे वेचून
ती घमेल्यात टाकते,
वर जाळी बांधते.
साकोलीच्या बाजारात
बोटुकली म्हणून हेच आधी उचलले जातील,
तिला ठाऊक आहे.

वहीत रकाने दोनच: मेले, जगले.
तेराशे साठ कुठं लिहायचे?
ती पेन चावत बसते.

घमेल्यात
फटकन काहीतरी उडतं,
जाळीला लागून
परत पडतं.