मॉटला हाक

एकतीस मार्चला कंपनीनं हात वर केले.
मेरेरिडच्या कपाटावरचा कापडी डबा
त्या रात्री लाल वर्तुळ फिरवत बसला
आणि परक्या बाईच्या गोड आवाजात
तासातासाला माफी मागू लागला.
"टाकून दे," मी म्हणालो.
"नव्वद पौंड मोजलेत," ती म्हणाली,
"आणि माझी बोटं बघ."

बोटं पाहिली. संधिवातानं
प्रत्येकाची दिशा वेगळी.
दिव्याचं बटण ती हल्ली कोपरानं दाबते.

अठ्ठावीस वर्षं मी टेलिफोनच्या तारा ओढल्या,
ब्लायनायच्या डोंगरांवरून, वाऱ्यात, चिखलात.
लोकांची भांडणं, लग्नं, मरणं
खांबाखांबावरून नेली, शब्द न ऐकता.
म्हणजे हे काम माझंच.

बुडाचं रबर सोललं. चार स्क्रू, चांदणीच्या तोंडाचे.
आत धूळ, एक वाळलेलं चिलट
आणि चार माइक, चारही धडधाकट.
कान शाबूत होते. मेंदू तेवढा
समुद्रापलीकडे भाड्यानं ठेवलेला.
जुनी पाटी काढली, तिच्या जागी
बिस्किटाएवढा संगणक बसवला,
तारांना कथलाचा डाख दिला
(एकदा बोटालाही),
आणि राउटरवर त्याची बाहेरची वाट बंद केली.
भिंतीला कान असतात म्हणे.
असू देत. या कानाला आता
घराबाहेर तोंड नाही.

मग प्रश्न नावाचा.
कोणत्या हाकेला जागं व्हायचं?
कंपनीनं दिलेलं नाव तिला कधी रुचलंच नाही;
"मांजराला रावसाहेब म्हटल्यासारखं वाटतं."
खिडकीबाहेर, खाणीतल्या फुटक्या दगडांच्या ढिगांवर
पाऊस आडवा पडत होता.
"मॉट," ती म्हणाली.

मॉट म्हणजे तिचा मेंढरांचा कुत्रा.
एक कान तपकिरी. जाऊन अकरा वर्षं झाली.

यंत्राला नाव शिकवायला दोनशे हाका लागतात.
पहिल्या वीस तिनं दिल्या
वाण्याला यादी सांगावी तशा.
चाळिशीनंतर आवाज सैल झाला.
"लांबूनची पण हवी का?"
मी हो म्हणायच्या आत ती मागच्या दारात,
वाकड्या बोटांचा कर्णा तोंडाशी:
मॉऽऽट!
पलीकडच्या घरातून ह्यू साबणाच्या तोंडानं
बाहेर आला, बघून आत गेला.
मॉऽऽट! इकडे! अंधार पडला!
एवढं लांब नको होतं, पण मी बोललो नाही.

एकशे बारावी हाक झाली आणि ती थांबली.
दाराची चौकट धरून उभी राहिली.
मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं.
तेही लागतं:
कुणी बोलावत नसताना
गप्प कसं राहायचं
हे यंत्राला वेगळं शिकवावं लागतं.

बाकीच्या अठ्ठ्याऐंशी चहानंतर.

शनिवारी जोडून दिला.
"मॉट, गोलाय."
गोलाय म्हणजे उजेड, आमच्या वेल्शमध्ये.
सहा वर्षं हाच शब्द ऐकून
ती गोड बाई म्हणायची, समजलं नाही.
दिवा लागला. सोबत रेडिओही लागला,
ती माझी चूक. रविवारी निस्तरली.

आता तो बरा ऐकतो.
फक्त मेंढरं कुंपणाशी येऊन ओरडली
की आपणहून जागा होतो,
हिरवं वर्तुळ दाराकडे वळवतो.
"दुरुस्त करतो," मी म्हणालो.
"खबरदार," ती म्हणाली.
"उलट बोलायला शिकवू का? जी, झालं, असं काही?"
"मॉट कधी उलट बोलला नाही."

उतारावरून जाताना मागे पाहिलं.
तिच्या खिडकीत दिवा लागला,
विझला, लागला,
पुन्हा विझला.
विजेच्या बिलाचं मी
अजून काढलेलं नाही.