कमरेपर्यंत

शिरोलीच्या फौंड्रीत, दुसरी पाळी संपता संपता,
वाळूचा हॉपर अडला.
वर चार टन वाळू, खाली तोंड सताड उघडं,
आणि कण पडेना.

मी सँड लॅबमधली. माझं काम चाळण्यांचं,
ओलावा, ताकद, हवेला जायला सवड,
सगळं वहीत.
त्या दिवशीच्या रकान्यात : ओलावा साडेतीन. ठीक.

बाबालाल मेस्त्री म्हणाले, "कमान धरलीया आत."
ती कमान मी पुस्तकात पाहिलेली.
कण कणाला टेकतो, तो पुढच्याला, तो भिंतीला,
ओझं आडवंच निघून जातं
आणि तळाला पत्ता नसतो डोक्यावर किती आहे.
मेस्त्री हातोडीनं पत्रा वाजवत गेले
वरून खाली : भरीव, भरीव, भरीव,
मग पोकळ.
"हितं."

पहार घेऊन ते वरून आत उतरले.
उतरू नये असं तिथंच लिहिलंय, लाल अक्षरांत,
त्यांच्याच हस्ताक्षरात.

कमान सुटली. फार आवाज नाही,
शाळूचं पोतं ओतावं तेवढा.
वाळू घटकाभर पाणी झाली.
झडप मी ओढली, दोन्ही हातांनी,
पाण्याची परत वाळू झाली,
तोवर मेस्त्री कमरेपर्यंत आत.

पोरांनी दोर टाकला, काखेतून घेतला, लागली ओढायला.
"वडू नगासा," मेस्त्री म्हणाले,
गुळाचा भाव पाडून मागावा तशा आवाजात.
वाळूला सरकायचं तर आधी फुगावं लागतं,
कणानं कणावर चढावं लागतं,
आणि चढायला जागा नसली
की ती मिठी घट्ट करते.
हे मी परीक्षेत लिहिलेलं. सहा मार्कांना.
पाच मिळाले होते.

मग पॅटर्न शॉपमधून फळ्या आल्या.
चार फळ्या त्यांच्या चहूबाजूंनी खाली ठोकल्या,
आणि चहाच्या मगांनी, घमेल्यानं,
आतली वाळू उपसत बसलो, दीड तास.
पंपांची कवचं, गिअरची दातरी, कुणाकुणाचे आकार
या माणसानं वाळूत उठवले चाळीस वर्षं,
आज चौकटीत तोच.
बोलत होते मधे मधे. बहुतेक म्हशीबद्दल.

निघाले तेव्हा डावा बूट आतच राहिला.
मी वाकून बघितलं,
तळाशी नडगीचा साचा उभा होता,
पँटच्या चुणीसकट, धारदार,
इतका चांगला
की मला तिथंच कळलं.

साडेतीनला वाळू अशी धरत नाही.
तो आकडा पहिल्या पाळीचा होता.
नंतरचा नमुना मी घेतलाच नव्हता,
घेतल्यासारखा लिहिला होता.

मेस्त्री बाकावर बसून खिसे उलटे करत होते.
त्यातली मूठभर मी डबीत घेतली,
लॅबमध्ये नेली, तोलली, तापवली, परत तोलली.
सव्वापाच.
वरची ओळ खोडली नाही.
तिच्याखाली वेळ घातली, रात्री एक दहा,
आणि नमुना कुठला या रकान्यात
मेस्त्रींचा उजवा खिसा.